कडकनाथची उबवायची अंडी कुरियरने पाठवता येतात का?
पाठवता येतात, पण गिऱ्हाइकाला पिल्लांची गॅरंटी देऊ नका, अंडी ताजी आणि कळपात कोंबडा आहे एवढंच सांगा. खरा घात फुटण्याने नाही, हादऱ्याने होतो, अंडं वरून धड दिसतं पण अंधारात टॉर्च लावली की आतला हवेचा बुडबुडा इकडून तिकडे पळताना दिसतो. मी एकदा मे महिन्यात 30 पाठवली, डबा 2 दिवस गोडाऊनमध्ये तापत पडला, पिल्लं निघाली 4. तेव्हापासून उन्हाळ्यात बंद.

थंडीत प्रत्येक अंडं कागदात गुंडाळून, निमुळतं टोक खाली करून भाताच्या तुसात रोवतो, 7 दिवसांपेक्षा जुनं देत नाही. पोचल्यावर लगेच उबवणी मशीनमध्ये घालायचं नाही, एक दिवस तसंच टोक खाली ठेवायचं.

नियमाचं म्हणाल तर बर्ड फ्लू आला की खेळ खलास, बाधित जागेपासून 1 किमीत कोंबड्या-अंडी सगळं नष्ट करतात, 10 किमीपर्यंत पाळत असते, तेव्हा तिथून अंडी हलवायच्या भानगडीत पडू नका (2006 मध्ये नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला होता, ते आठवा). आणि कुरियरवाल्याला आत काय आहे ते आधीच सांगा, नाशवंत माल बरेच जण घेतच नाहीत, लपवून पाठवलं तर भरपाई विसरा.