हरिकेनच्या पाठीवरचं कापड

पोरी,

फोटो मिळाले सगळे. रात्री जेवण झाल्यावर एकेक मोठा करून नीट बघितला. पंख चिकटवून झालेत आणि धडाचे दोन भाग नुसते टेपनं बांधून बघितलेस, हे फार बरं केलंस, आता ते घाईनं चिकटवू नकोस. आणि तू विचारलंयस की पितळी पार्टचा सेट आणि रेझिनचं कॉकपिट मागवू का, कारण ऑनलाइन बघितलेल्या मॉडेलांपुढं तुझं हरिकेन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं हे प्लास्टिकचं मॉडेल, खेळण्यासारखं दिसतंय. मागवू नकोस. पैशाचा प्रश्न आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. मॉडेल खेळण्यासारखं दिसतं ते पार्ट कमी पडले म्हणून नाही दिसत, सगळं विमान एकाच वस्तूचं बनल्यासारखं दिसतं म्हणून दिसतं.

तुला माहितीये मी बावीस वर्षं गाड्यांना रंग मारलाय. गाडी आली की आम्ही आधी टिचकी मारून बघायचो, इथं पत्रा आहे, इथं फायबर आहे का इथं कुणीतरी नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून ठेवलीय, कारण प्रत्येकावर प्रायमर वेगळा बसतो, पॉलिश पेपर वेगळा लागतो. ती सवय मला मॉडेलला इतकी उपयोगी पडली की काय सांगू. तुझ्या विमानाला टिचकी मारली तर सगळीकडं प्लास्टिकच वाजणार, म्हणून तू मनानं मारायची. हा भाग खऱ्या विमानात कशाचा होता? पत्रा, कापड, का लाकूड? हे कळल्याशिवाय रंगाची बाटली उघडायचीच नाही.

आणि हरिकेन त्यासाठी सगळ्यात चांगलं विमान आहे. सिडनी कॅमचं हे डिझाइन पहिल्यांदा उडालं ६ नोव्हेंबर १९३५ ला, तेव्हा विमान बांधायची जुनी पद्धत अजून संपलेली नव्हती, त्यामुळं आत धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी फर्मे आणि लांबच लांब पट्ट्या, आणि त्यावर शिवून ताणलेलं लिनन. वरून डोप, म्हणजे कापड ताणणारं व्हार्निश, मारला की ते कापड आक्रसतं, हलगी शेकल्यावर कशी ताठ होते तसं. नाकापासून कॉकपिटपर्यंत पत्रा आणि कॉकपिटच्या मागं शेपटीपर्यंत कापड. शेपटी कापडाची, रडर म्हणजे शेपटीचं सुकाणू कापडाचं, पंखांच्या मागच्या कडेचे हलणारे एलरॉनसुद्धा कापडाचे. सुरुवातीच्या हरिकेनला तर पंखही कापडाचेच होते, तुझ्या मार्क टूला, म्हणजे नंतरच्या प्रकाराला, मात्र पत्र्याचे आहेत. म्हणजे बघ, एकाच विमानात अर्धी गाडी पत्र्याची आणि अर्धी तंबूची, आणि आपण त्या सगळ्यावर एकसारखा काळा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, फिरवतो!

कापडाला पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा, नसतात. कापडावरचा रंग पत्र्यासारखा टवके उडून निघत नाही, तो विटतो, मळतो, तेलकट होतो. म्हणून कॉकपिटच्या मागं वॉश फिरवायचाच नाही. तिथं मूळ रंगात थोडासा फिका रंग मिसळून, अगदी पातळ करून, पट्ट्यांच्या मधल्या भागात हलका हात मारायचा, की कापड ताणलंय असं डोळ्याला वाटतं. चंदेरी टवके काढायचे ते पुढं. इंजिनवरचे पत्रे मेकॅनिक रोज काढायचे घालायचे, त्यांच्या स्क्रूपाशी. पंखावरची तोफांची झाकणं दारूगोळा भरायला उघडायचे, त्यांच्या कडेला. आणि डाव्या पंखाच्या मुळाशी, कारण पायलट डावीकडूनच चढायचा, बुटाची धूळ आणि घासलेला रंग तिथंच असणार. पुढच्या पंख्याचं, म्हणजे प्रोपेलरचं, मात्र लक्षात ठेव, रोटॉल कंपनीच्या पुष्कळ पंख्यांची पाती दाबून घट्ट केलेल्या लाकडाची होती, तेव्हा पात्यांच्या टोकाला चंदेरी लावायच्या आधी तुझ्या विमानाला कुठला पंखा आहे ते बघून घे.

आता मापाचं. तुझं किट १/७२ चं, म्हणजे एका इंचाला सहा फूट. सहा फुटी पायलट तुझ्या टेबलावर एक इंचाचा. पंखांचा पसारा खरा ४० फूट, तुझ्याकडं जेमतेम सतरा सेंटिमीटर. यात अर्धा मिलिमीटर फट राहिली तर खऱ्या विमानात ती साडेतीन सेंटिमीटर झाली, तिच्यात बोट जाईल! हे एकदा डोक्यात बसलं की वॉश काळा का नको ते आपोआप कळतं, पत्र्यांच्या सांध्यात एवढा अंधार नसतोच, मूळ रंगापेक्षा दोन शेड गडद तपकिरी पुरे.

कॉकपिटमध्ये तुला काहीतरी करायचंच असेल तर हे कर. हरिकेनच्या कॉकपिटला सलग फरशी नव्हती, पायलटच्या टाचांखाली दोन पट्ट्या आणि त्याखाली सरळ पोकळी. म्हणून खाली सगळं हिरवं रंगवून टाकू नकोस, पट्ट्यांच्या खाली गडद ठेव, नळ्या चंदेरी ठेव, म्हणजे वरून बघताना खोली दिसते. आणि सीटचे पट्टे. गोळ्यांच्या पाकिटामागचा पातळ पत्रा असतो ना, तो बाटलीच्या पाठीनं घासून सपाट कर आणि ब्लेडनं पाऊण मिलिमीटरच्या पट्ट्या काप. दोन इंची पट्टा या मापात तेवढाच येतो. सीटच्या काठावरून एक पट्टा खाली लोंबता ठेव, कुणीतरी आत्ताच उतरून गेलंय असं वाटतं. पितळी सेटचं काम या एका पट्ट्यानं होतं, मी करून बघितलंय.

धडाचा वरचा जोड ही या किटमधली खरी परीक्षा. कापडाच्या पट्ट्यांचे उंचवटे लांबीच्या दिशेनं जातात आणि जोडही तसाच जातो, बोटानं पेपर घासलास की जोड जाईल पण त्याबरोबर शेजारचे उंचवटेही जातील आणि पाठ गुळगुळीत होऊन बसेल. त्यासाठी किटच्याच स्प्रूचे, म्हणजे पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिचे, बारीक तुकडे पातळ ग्लूमध्ये विरघळवून ठेव, दाट पाकासारखं झालं की काडीनं फटीत भर आणि दोन दिवस हात लावू नको. हो, दोन दिवस. ते आत सुकत सुकत खाली बसतं, आजच घासलंस तर आठवड्यानं परत खाच पडलेली दिसेल. मग आइस्क्रीमच्या काडीच्या कडेला ६०० नंबरच्या वॉटर पेपरची दोन मिलिमीटरची पट्टी चिकटव आणि फक्त जोडावर, पाणी लावून, एकाच दिशेनं घास. नंतर १००० नंबर. प्रायमरचा एक हात मारून खिडकीपाशी आडव्या उजेडात बघ. गाडीचं दार आम्ही असंच बघायचो, समोरून कधीच काही दिसत नाही, आडवं धरलं की सगळं दिसतं.

काचेबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण तिथं मी एक मॉडेल गमावलंय. माझं दुसरंच विमान, स्पिटफायर, तीन महिने लागले होते त्याला, सगळं झाल्यावर काच सुपरग्लूनं चिकटवली आणि धूळ नको म्हणून डब्यात ठेवून झाकण लावलं. सकाळी बघतो तर काचेच्या आत पांढरी बुरशी आल्यासारखं झालेलं. सुपरग्लूची वाफ काचेवर बसते, बंद डब्यात तर जास्तच. आतून पुसता येईना आणि काढायला गेलो तर काच तडकली. ते विमान मी बरेच दिवस बघूच शकलो नाही. तेव्हापासून काचेला फक्त फेव्हिकॉल, टूथपिकच्या टोकाएवढा. सुकला की पारदर्शक होतो, चुकलं तर ओल्या कापडानं पुसून परत लावता येतो.

आणि हरिकेनची काच म्हणजे नुसती जाळी, इतक्या बारीक चौकटी आहेत. मास्किंग टेप काचेवर अख्खी दाबून चौकटीच्या कडेनं ब्लेड फिरवायचा नाद करू नकोस, एकदा ब्लेड घसरलं की चरा कायमचा. टेपच्या एक मिलिमीटरच्या पट्ट्या काप, प्रत्येक चौकोनाच्या चार कडांना आतून लाव आणि मधली जागा भरून काढ. एका बैठकीत होत नाही, मी दोन संध्याकाळी घेतो. आणि सगळ्यात आधी आतला हिरवट करडा रंग मारायचा, त्यावर बाहेरचा, म्हणजे काचेतून आत बघितलं की चौकट आतून आतल्याच रंगाची दिसते.

रंगकाम तू आत्ता, म्हणजे भर पावसात, करू नयेस असं मला वाटतं. साताऱ्यात जुलैमध्ये यवतेश्वराच्या बाजूनं ढग खाली आले की कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, मग व्हार्निश कसं वाळेल? थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि मॅट कोट पांढरा पडतो. गॅरेजमध्ये पावसाळ्यात आम्ही हळू उडणारं थिनर वापरायचो ते यासाठीच. तुझ्याकडं ते नाही, तर दुपारी ऊन पडेल त्या दिवसाची वाट बघ. तोवर काच मास्क कर, चाकं रंगव, कामाला काय तोटा.

डिकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं. आधी ग्लॉस कोट, मग डिकल, मग ते मऊ करून बसवणारं सेटिंग सोल्यूशन, नाहीतर खाली हवा राहून चांदीसारखं चमकतं. बास.

पण डिकलवर काय आहे ते बघ. किटमध्ये बर्माच्या आघाडीवरच्या विमानाचा पर्याय आहे म्हणालीस, तोच कर. त्या विमानावरच्या गोल चिन्हात मधला लाल ठिपका नाही, नुसता गडद निळा आणि फिका निळा. जपानी विमानांवर लाल सूर्य होता, गडबडीत आपलंच विमान कुणी पाडू नये म्हणून इकडच्या विमानांवरचा लाल काढून टाकला होता. १९४४ ला इंफाळमध्ये आपल्या हवाई दलाची नंबर वन स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होती, तिचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग, त्याच वर्षी त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये मणिपुरातल्या सांगशाकला जमिनीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन लढत होती. आपल्या जिल्ह्यातली किती पोरं त्या पलटणींत होती. तू अपशिंग्याला गेलीयस ना, त्या एका गावातली ४६ माणसं पहिल्या महायुद्धात गेली, आणि दुसऱ्यालाही गावानं पोरं धाडलीच. त्या जंगलात चिखलात बसलेल्या कुणीतरी मान वर करून हे विमान बघितलं असेल आणि पंखांखालचे गोल बघून जिवात जीव आला असेल. म्हणून विमानाचं पोट कुणाला दिसत नाही म्हणून सोडून देऊ नकोस. त्या माणसाला तेच दिसत होतं. एक्झॉस्टचा करडा डाग, इंजिनखालून मागं ओघळलेलं तेल, चाकांच्या खोबणीतला कच्च्या धावपट्टीचा चिखल, हे सगळं खालच्या बाजूलाच येतं.

रविवारी पाऊस उघडला तर सकाळी ये. धड टेपमध्येच असू दे, डिकलचा कागद आण, आणि ती गोळ्यांची रिकामी पाकिटं टाकून देऊ नकोस, येताना घेऊन ये. माझ्याकडं पिन व्हाइस, म्हणजे बारीक ड्रिल धरून हातानं फिरवायची मूठ, आहे, ०.३ मिलिमीटरचं ड्रिल आहे. वीस मिलिमीटर तोफेचं भोक या मापात ०.२८ येतं, म्हणजे चारही तोफांची तोंडं आपण बरोबर मापात पोखरू शकतो. पहिली मी दाखवतो, बाकीच्या तीन तू कर.

तुझा,
काका