आठ वाजताचं दप्तर

(एप्रिल २०२१)

*माझा मुलगा सोळा वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला). शाळा बंद, तरी रोज सकाळी आठला दप्तर लावून दाराशी उभा राहतो. गाडी आली नाही की स्वतःचा हात चावतो. परवा मी त्याला मारलं, मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मिस्टर घरूनच काम करतात, दार लावून. मला कोविड झाला तर याचं कसं होणार?*
– एक आई, डोंबिवली

ताई,

चार पानी पत्रात स्वतःबद्दल तुम्ही फक्त नळाची ओळ लिहिलीत.

मारलंत ते चुकलंच. पण गेल्या मार्चपासून तुम्हाला एक सलग दुपार तरी मिळाली का? शाळेचे ते पाच तास त्याच्याइतकेच तुमचेही होते. ते गेले, आणि कुणी विचारलंसुद्धा नाही.

मिस्टरांना एकच विचारा: लोकलमध्ये जाणारे तीन तास आता कुठे जातात? त्यातले दोन मुलाचे. त्या वेळात तुम्ही पोळ्या लाटायच्या नाहीत. गच्चीवर जा, नाहीतर सरळ झोपा.

दप्तर काढून घेऊ नका. शाळेच्या गाडीचं चित्र काढून त्यावर फुली मारा, दाराला चिकटवा. आठ वाजले की दप्तरासकट जिन्याने खाली, बिल्डिंगला एक फेरी, परत वर. रोज तीच वाट. ‘शाळा बंद आहे’ हे शंभरदा ऐकून जे होत नाही, ते अशा ठरलेल्या फेरीने बऱ्याच मुलांच्या बाबतीत होतं. चावणं अचानक वाढलं असेल तर मात्र दाढ, कान, पोट डॉक्टरांकडून तपासून घ्या. दुखतंय हे त्याला सांगता येत नसेल.

कोविडची भीती खरी आहे. १ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या पुढच्या सगळ्यांना लस मिळते आहे. वयात बसत असाल तर दोघांनीही घ्या. आणि एक कागद लिहून ठेवा: फोडणी नसलेलाच वरणभात खातो की आणखी काही, कुठला आवाज सोसत नाही, औषध किती, बिथरला तर काय करायचं. एक प्रत फ्रिजवर, एक बहिणीकडे. तुमच्या डोक्यात आहे ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, म्हणून तर रात्री झोप लागत नाही.

फारच असह्य झालं तर सरकारची ‘किरण’ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १८००-५९९-००१९ (हा नंबर २०२१ मधला). चोवीस तास, फुकट, मराठीतूनही बोलता येतं.

आणि पुढच्या वेळी रडू आलं तर नळ सोडू नका. मिस्टरांना ऐकू गेलं तर जाऊ दे.