बॅलटवरची ती मोठ्या अक्षरांतली ओळ

सिटिझनशिपनंतरचं पहिलं मतदान, अभिनंदन! तुमचा प्रश्न असा की टेक्सासच्या स्कूल बाँडच्या (शाळांच्या इमारती वगैरेंसाठी मतदारांना विचारून काढायचं कर्ज) बॅलटवर मोठ्या अक्षरांत ‘ही प्रॉपर्टी टॅक्समधली वाढ आहे’ असं छापलंय, आणि स्कूल डिस्ट्रिक्टचं (तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं) पत्रक म्हणतं ‘टॅक्स रेट तोच राहील’. मग खोटं कोण बोलतंय?

खोटं कुणीच नाही. ती ओळ डिस्ट्रिक्टच्या मनची नव्हे. २०१९ च्या कायद्यानं ती प्रत्येक स्कूल बाँडवर छापावीच लागते, रेट वाढो न वाढो. मीही पहिल्या वेळी ती वाचली आणि ‘अगेन्स्ट’ दाबून मोकळा झालो. घरी बायकोनं विचारलं, "रेट किती वाढणार होता?" उत्तर नव्हतं.

शाळेच्या टॅक्सचे दोन भाग असतात. एम अँड ओ म्हणजे पगार, वीज, रोजचा खर्च. आय अँड एस म्हणजे कर्जफेड. बाँड फिटतो तो दुसऱ्यातून, आणि बाँडच्या पैशातून शिक्षकांचे पगार देता येत नाहीत (हा गैरसमज आपल्या लोकांत फार आहे). आता गंमत बघा. गाडीचं कर्ज फिटत आलं की हप्ता तोच ठेवून आपण नवी गाडी काढतो. हप्ता वाढला नाही हे खरं, पण नवी गाडी घेतली नसती तर तो बंद झाला असता, हेही खरंच. जुने बाँड फिटत आले की डिस्ट्रिक्ट नेमकं हेच करतं. त्यामुळे मीटिंगला गेलात तर एवढंच विचारा: बाँड मतदानात नामंजूर झाला तर आय अँड एसचा रेट कितीवर येईल?

रेट वाढणारच असेल तर हिशेब सोपा आहे. राहतं घर ५ लाख डॉलरचं धरा. शाळेच्या टॅक्सची होमस्टेड (राहत्या घरावरची) सूट १,४०,००० वजा केली की उरले ३,६०,०००. रेट घराच्या किमतीच्या दर १०० डॉलरमागे असतो, म्हणजे एक सेंट वाढला की वर्षाला ३६ डॉलर. घरमालकाचं वय ६५ च्या पुढे असेल आणि तशी सवलत घेतलेली असेल, तर राहत्या घराचा शाळेचा टॅक्स गोठलेला असतो. नवी खोली वगैरे बांधली तरच वाढतो.

बॅलटवर प्रस्ताव ए, बी, सी असे वेगळे का, तर हजारावर प्रेक्षकांचं स्टेडियम, पोहण्याचा तलाव असल्या गोष्टी वर्गखोल्यांच्या आड लपवता येत नाहीत. एकाला हो, दुसऱ्याला नाही, असं खुशाल करा.

आणि हे सगळं कागदावर लिहून न्या. मतदान केंद्रात फोन काढू देत नाहीत, चिठ्ठी चालते.