प्रथिनच बनत नाही, मग आजार कसा?

प्रश्न : माझा मुलगा ६ वर्षांचा आहे. जन्मला तेव्हा अगदी ढिला होता, दूध ओढायचीही ताकद नव्हती. आता मात्र ताटावरून उठत नाही, रात्री उठून डबे धुंडाळतो. तपासणीत १५ व्या गुणसूत्रावरचा, वडिलांकडून येणारा एक छोटा तुकडा नाही असं निघालं. त्या तुकड्यात ‘स्नोर्ड ११६’ नावाचे छोटे आरएनए (जनुकांवरून उतरवलेल्या नकला) असतात, पण त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही, असं डॉक्टर म्हणाले. प्रथिनच बनत नसेल, तर ते नसल्यानं एवढं कसं बिघडतं? सासूबाई म्हणतात, मीच लाडावून ठेवलाय.
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचं. लाडाचा इथे काडीचाही संबंध नाही. झुरिकच्या डॉक्टरांनी १९५६ साली ज्याचं वर्णन केलं, त्या प्राडर-विली सिंड्रोमची ही लक्षणं आहेत. पोट भरल्याची जाणीव मेंदूत नीट उमटतच नाही. त्याची भूक खरी आहे, हट्ट नाही.

आता तुमचा प्रश्न. माझे वडील शिंपी होते. कापडावर मापाचा कागद ठेवायचे, ठरल्या जागी खडूची खूण करायचे आणि कागद उचलून घ्यायचे. शिवलेल्या सदऱ्यात तो कागद कुठेच नसे, पण त्याच्यावाचून बाही बसली नसती. पेशीच्या केंद्रकातले हे छोटे आरएनए, म्हणजे स्नोआरएनए, मला नेहमी त्या कागदासारखे वाटतात. आरएनए ए, यू, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. स्नोआरएनए स्वतःची अक्षरं दुसऱ्या आरएनएच्या अक्षरांशी जुळवतात, ए समोर यू, जी समोर सी. जुळलं की सोबतचं प्रथिन नेमक्या एका अक्षरावर रासायनिक खूण करतं. एका जातीचे स्नोआरएनए मिथाइल गट, म्हणजे अणूंचा एक छोटा झुबका, बसवून घेतात, दुसऱ्या जातीचे यू या अक्षराचं रूप बदलून घेतात. प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएवर अशा सुमारे २०० खुणा असतात.

खुणेनंतर येते कात्री. जनुकाची पहिली नक्कल लांबलचक असते. त्यातले नको ते तुकडे कापून उरलेले जोडायचे, याला स्प्लायसिंग म्हणतात. कुठे कापायचं हे ओळखणारे यू१, यू२ हेही छोटे आरएनएच. बेडकाच्या अंड्यांवरच्या प्रयोगांत यू२ वरच्या खुणा नसल्या, तर कापण्याची यंत्रणा नीट जुळतच नाही असं दिसलं. आणि त्या खुणा करवून घेणारे पुन्हा स्नोआरएनएचेच भाऊबंद! विद्यार्थ्यांना हे शिकवताना दरवेळी मला वडिलांचा खडू आठवायचा.

तुमच्या मुलाच्या तुकड्याशेजारीच स्नोर्ड ११५ आहे. त्याची १८ अक्षरं मेंदूतल्या एका सेरोटोनिन ग्राहकाच्या (सेरोटोनिन या रसायनाचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाच्या) आरएनएशी तंतोतंत जुळतात. त्यामुळे त्या आरएनएची काटछाट बदलते, असं २००६ मध्ये पुढे आलं आणि आजाराचं मूळ सापडलं असं पुष्कळांना वाटलं. पण फक्त ११५ नसलेल्या माणसांना हा आजार होत नाही, आणि ते काढून टाकलेल्या उंदरांमध्येही काटछाटीत ठळक फरक दिसला नाही. उलट २००८ मध्ये असं मूल आढळलं, ज्याच्यात मुख्यतः ओळीने असणाऱ्या ११६ च्या अनेक प्रतींचा पट्टाच गेला होता, आणि लक्षणं प्राडर-विलीचीच होती. म्हणजे बोट ११६ कडेच जातं. मात्र ते कोणत्या आरएनएवर काम करतं, हे शास्त्रज्ञांमध्ये अजून ठरलेलं नाही. तुम्हाला खोटी खात्री देणं मला बरोबर वाटत नाही.

आईकडून आलेली प्रत असतेच, मग ती का पुरत नाही? कारण या भागातली आईची प्रत सगळ्याच माणसांमध्ये गप्प असते. यात तुमचा दोष शोधू नका. यजमानांची तपासणी मात्र जरूर करून घ्या. त्यांना हा तुकडा त्यांच्या आईकडून आलेल्या गुणसूत्रावर नसेल, तर ते स्वतः धडधाकट असतील, पण पुढच्या प्रत्येक बाळाला निम्मा धोका राहील.

वाढीच्या संप्रेरकाबद्दल बालसंप्रेरकतज्ज्ञांशी बोला. २०२५ मध्ये अमेरिकेत या अनावर भुकेसाठी डायझॉक्साइड कोलीन या औषधाला मान्यता मिळाली आहे, त्याचीही चौकशी करा. तोवर जेवणाच्या वेळा पक्क्या ठेवा आणि स्वयंपाकघराला कुलूप लावा. ती शिक्षा नाही, उपचार आहे. सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा आणि कुलपाची किल्ली त्यांच्याकडेच द्या.