टोकाच्या नळाचं पाणी

सांगली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांचा फोन आला होता. साताऱ्याच्या रुग्णालयात मेंटेनन्सला रुजू झालास आणि पहिल्याच आठवड्यात गरम पाण्याची नोंदवही तुझ्याकडे सोपवली, असं कळलं. "एवढंच काम दिलंय" असं तू म्हणालास म्हणे. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. ती वही मी तीस वर्षं लिहिली. रुग्णालयात डॉक्टरांच्या हाताइतकंच पाण्याच्या पाइपवरही काही लोकांचं आयुष्य अवलंबून असतं, हे मला फार उशिरा उमगलं. तुला ते पहिल्याच महिन्यात कळावं, एवढीच इच्छा आहे.

तुझी गाठ लिजिओनेला नावाच्या जिवाणूशी आहे. १९७६ च्या जुलैमध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं. तिथून घरी गेलेली माणसं न्यूमोनियानं आजारी पडू लागली. दोनशेच्या वर लोक आजारी झाले, ३४ दगावले, आणि कारण हाती लागायला पुढच्या वर्षीचा जानेवारी उजाडला. त्या सैनिकांच्या संघटनेवरूनच जिवाणूला नाव पडलं. तो नद्यांत, तळ्यांत, मातीत असतोच. तिथं तो थोडा असतो आणि सहसा कुणाला त्रास देत नाही. त्याची संख्या वाढते ती आपण बांधलेल्या टाक्यांत आणि पाइपांत. हे पाणी पोटात गेल्यानं आजार होत नाही. शॉवरचे किंवा नळाचे बारीक तुषार श्वासावाटे आत गेले, किंवा ठसका लागून पाणी फुप्फुसात उतरलं, की होतो. एका माणसाकडून दुसऱ्याला तो सहसा लागत नाही. त्यामुळे रुग्णालयात असा रुग्ण सापडला तर शेजारच्या खाटेकडे बघू नकोस, पाण्याकडे बघ.

आता एक शब्द ध्यानात ठेव: कोमट. आपल्या घरांत कोमट पाणी म्हणजे आजारी माणसाची काळजी, आणि या जिवाणूला वाढायला तेच हवं असतं. २० ते ४५ अंशांत तो वाढतो, ३५ च्या आसपास सगळ्यात जोमानं. ५० अंशांवर दहातले नऊ मरायला सव्वा ते दोन तास लागतात, ६० अंशांवर दोनच मिनिटं. म्हणून साठवणीच्या टाकीत ६० हवेत, आणि खोल्यांकडून फिरून टाकीत परत येणाऱ्या लाइनवर व टोकाच्या नळावर ५५. नळ सोडल्यावर एका मिनिटात तिथवर पोचले पाहिजेत. पाच मिनिटं पाणी सोडून मग थर्मामीटर धरणारे मी पाहिले आहेत. त्या आकड्याला अर्थ नाही.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गच्चीवर सोलर असतं. मार्च-एप्रिलमध्ये ते पाणी हात भाजेल इतकं तापतं. खरा प्रश्न आषाढ-श्रावणात येतो. आठ-आठ दिवस ऊन नाही, टाकीतलं पाणी चाळिशीत घुटमळतंय, आणि बिल वाचवायला कुणीतरी बॅकअप हीटरचा एमसीबी, म्हणजे विजेचा खटका, खाली पाडून ठेवलेला. रुग्णांची तक्रार नसते, कारण आंघोळीला चाळीस अंश पुरतात. तक्रार नाही म्हणजे पाणी ठीक, असं धरून सगळे निर्धास्त. पावसाळ्याचे चार महिने रोज सकाळी त्या एमसीबीकडे स्वतः जाऊन बघ. वरिष्ठांनी बिलाचा विषय काढला तर वही घेऊन समोर बस आणि टाकीचा आकडा दाखव. इथं मागे हटू नकोस.

माझ्यावरच ओढवलेली एक गोष्ट सांगतो. फार वर्षांपूर्वी, या जिल्ह्यातल्याच एका रुग्णालयात मी होतो. टाकीचा काटा रोज ६२ दाखवायचा आणि मी समाधानानं ६२ लिहायचो. एकदा खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजींना चौथ्या-पाचव्या दिवशी ताप चढला, मग न्यूमोनिया. त्यांच्या मुलानं मला जिन्यात गाठून सहज विचारलं, "या बाथरूमला गरम पाणी का येत नाही हो?" मी थर्मामीटर घेऊन गेलो. मिनिटभरानं ३९. लाइनीला हात लावत लावत खाली उतरलो, तर पाणी फिरवणारा पंप बंद. रात्री त्याची घरघर वॉर्डात ऐकू येते म्हणून कुणीतरी तो बंद केला होता आणि पुन्हा चालू करायचं राहून गेलं होतं. किती आठवडे, कुणालाच सांगता येईना. टाकी ६२ वर आणि त्या बाजूच्या सगळ्या खोल्या कोमट. आजी वाचल्या नाहीत. त्यांचा न्यूमोनिया कशानं झाला ते कळलं नाही, कारण त्या दिशेनं तपासणीच झाली नाही. पण त्या मुलाचा प्रश्न माझ्या मनातून आजही गेलेला नाही. तेव्हापासून मी टाकीचा आकडा नंतर लिहायचो, आधी सगळ्यात लांबच्या नळाचा.

म्हणून पहिल्या महिन्यात नकाशावर विसंबू नकोस. नकाशा इमारत बांधली तेव्हाचा असतो. नंतर भिंती पडतात, वॉर्डाचे आयसीयू होतात, बेसिन काढून तोटीवर कॅप मारतात. ते कॅप मारलेलं टोक सगळ्यात घातक. त्यात पाणी वर्षानुवर्षं उभं राहतं, आतून बुळबुळीत थर धरतो, आणि त्या थरातल्या अमिबांच्या पोटात हा जिवाणू आसरा घेतो. तिथं क्लोरिनही धड पोचत नाही. असं टोक सापडलं तर नुसती कॅप बदलून भागत नाही, मुख्य लाइनीपासून कापून काढायला लाव. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, त्यामुळे शॉवरच्या जाळीत आणि नळाच्या तोंडच्या एरेटरमध्ये, म्हणजे बारीक चाळणीत, पांढरा थर बसतो. तोही त्याला आसरा देतो. दर तीन महिन्यांनी काढून, क्षार उतरवून, निर्जंतुक करून बसवायचे.

न वापरलेला नळ कुठला, हे तुला कुठल्याही कागदावर सापडणार नाही. ते वॉर्डातल्या मावशींना ठाऊक असतं. कुठली खोली महिनाभर रिकामी आहे, कुठल्या बाथरूमला कुलूप आहे, कुठल्या बेसिनवर औषधांची खोकी रचली आहेत, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांच्याशी आदरानं बोल, दोन मिनिटं थांबून ऐक. अशा प्रत्येक नळाला आठवड्यातून किमान दोनदा पाणी सोडायचं, तेही तुषार न उडवता. शॉवर असेल तर त्याचं तोंड बादलीत धरून. बंद ठेवलेला वॉर्ड पुन्हा उघडताना तर रुग्ण येण्याआधी सगळी लाइन खेळती झालीच पाहिजे.

थंड पाण्याबद्दल पुस्तकात लिहिलेलं असतं की ते २० अंशांच्या खाली ठेवा. हा नियम थंड देशांतल्या लोकांनी लिहिला. डिसेंबरात साताऱ्याला जमेल कदाचित, पण एप्रिलमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी स्वतःच कोमट होतं. मग आपल्या हातात उरतं ते असं: टाकीवर सावली, झाकण घट्ट, गरजेपेक्षा मोठी टाकी नको म्हणजे पाणी रोज पालटेल, वर्षातून निदान दोनदा गाळ काढून धुणं, आणि टोकाच्या नळावर क्लोरिन उरतंय का ते रोज बघणं. टँकरचं पाणी आलं की त्या दिवशी दोनदा बघ. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीला महापूर आला, तेव्हा पाणी ओसरल्यावर आम्ही सगळ्यात आधी जमिनीखालच्या टाक्या उपसल्या.

पाणी ६० वर ठेवायचं म्हटलं की भाजण्याची भीती येते, आणि ती रास्तच आहे. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी काही सेकंदांत भाजतं, लहान मुलांची आणि वयस्कर माणसांची त्याहून लवकर. पण त्यावर उपाय म्हणून टाकी ४५ वर आणू नकोस. गरम आणि थंड एकत्र करणारा मिक्सिंग वॉल्व्ह नळाच्या अगदी जवळ बसवायचा, म्हणजे मधला कोमट तुकडा हातभरच राहतो.

आणि एक गोष्ट तुझ्या खात्यात येत नाही, तरी बघ. ऑक्सिजनच्या लाइनवर जी बुडबुड्यांची बाटली लावतात, तिच्यात कुणी नळाचं पाणी भरत नाही ना? वाफाऱ्याचं मशीन नळाखाली धुऊन तसंच लावत नाहीत ना? तिथं निर्जंतुक पाणीच हवं. उकळलेलं नको, आरओचं नको. सिस्टरना हे ठाऊक असतं, पण रात्रपाळीला बाटल्या संपल्या की हात नळाकडे जातो. साठा संपू देऊ नका, एवढं स्टोअरला सांगून ठेव.

नमुने घ्यायची वेळ आली तर निर्जंतुक, एक लिटरची बाटली घे, आणि तिच्यात सोडियम थायोसल्फेट असल्याची खात्री कर. नसेल तर पाण्यातलं क्लोरिन वाटेतच जिवाणू मारतं आणि अहवाल खोटा चांगला येतो. एक नमुना नळ सोडताक्षणी, एक पाणी वाहू दिल्यावर. पहिला नळाची हकीकत सांगतो, दुसरा आतल्या लाइनीची. वाढ बघायला प्रयोगशाळेला दहा दिवस लागतात, कारण याला लोह आणि सिस्टीन घातलेलं, कोळशाचं काळं माध्यम लागतं; नेहमीच्या माध्यमावर तो उगवतच नाही. पाण्याच्या साध्या तपासणीत "जिवाणू नाहीत" आलं म्हणून लिजिओनेला नाही, असं समजू नकोस. अहवालात तो निघाला तर लपवू नकोस, त्याच दिवशी संसर्ग नियंत्रण समितीला कळव. टाकी ७० पर्यंत तापवून प्रत्येक नळ पाच मिनिटं ६० च्या वर सोडला तर तो उतरतो, मात्र आधी प्रत्येक दारावर पाटी लावून आणि रुग्णांना दूर ठेवून. उभं पाणी तसंच राहिलं असेल तर काही आठवड्यांत तो परत येतो.

डॉक्टरांना वेळेवर कळणं का गरजेचं, तेही सांगतो. या न्यूमोनियावर पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं चालत नाहीत. अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लागतं. लघवीची झटपट तपासणी आहे, पण ती मुख्यतः एकाच प्रकाराला पकडते. तुझ्या वहीतला ३९ चा आकडा बघून एखाद्या डॉक्टरच्या मनात वेळीच शंका आली, तर औषध बदलता येतं.

आता उद्या सकाळी काय करायचं ते. बॅटरी बदललेला थर्मामीटर घे, उकळत्या पाण्यात आणि बर्फाच्या पाण्यात तपासून घे. गच्चीपासून सगळ्यात लांब असलेलं बाथरूम शोध. गरम नळ सोड, घड्याळात एक मिनिट बघ, आणि येईल तो आकडा पेनानं लिही. पंधरा दिवसांची पानं झाली की फोटो काढून मला पाठव. ४१ आले असतील तर ४१ च पाठव. मग कुठून सुरुवात करायची ते फोनवर बोलू.

कळावे,
तुझा काका