बाबांचं रक्त, पित्त, तुकडा कशाला हवाय? रिपोर्ट का नाही?

सोलापूर जिल्ह्यातला एक मुलगा वडिलांना घेऊन मुंबईच्या रुग्णालयात आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). वडील साठीचे. कावीळ वाढतच चाललेली, काविळीचं प्रमाण दाखवणारं बिलिरुबिन 14, खाजेनं रात्रभर झोप नाही. दोन्ही बाजूंच्या पित्तनलिका यकृतातून बाहेर पडताना जिथं एकत्र येतात, नेमका तिथंच अडथळा असल्याचं सीटी स्कॅनमध्ये दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोचण्याची प्रक्रिया) करून स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी नळी) टाकायचं ठरलं होतं. संध्याकाळी संशोधन विभागानं रक्त, पित्त, लघवी आणि गाठीचा तुकडा (बायोप्सी) संशोधनाला देण्याचं एक संमतीपत्र दिलं आणि मुलगा ते घेऊन आमच्या समुपदेशन कक्षात आला.

"रोज रक्त काढतायत. आता आणखी रक्त, पित्त, लघवी, तुकडा. वर रिपोर्ट देणार नाही म्हणतात. बाबांवर प्रयोग चाललाय का? आणि नाही म्हटलं तर उद्याची ईआरसीपी पुढं ढकलतील?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं, कारण त्याला घाम त्यानंच फुटला होता. ईआरसीपी पुढं ढकलली जाणार नाही. आयसीएमआर या देशातल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा संशोधनात भाग घेणं ऐच्छिक असतं. नकार दिला किंवा नंतर माघार घेतली म्हणून उपचारात फरक करता येत नाही, आणि संशोधनाच्या तपासण्यांचा खर्चही रुग्णाच्या बिलात लावता येत नाही.

आता 'प्रयोग'. बाबांना कुठलंही नवं औषध दिलं जाणार नव्हतं. यकृताचा आणि पित्तनलिकेचा कर्करोग लवकर ओळखता यावा म्हणून रक्तात, पित्तात एखादी खूण सापडते का, हे शोधायचं होतं. आज हाताशी असलेल्या खुणा अपुऱ्या आहेत, याचा पुरावा मुलाच्या फाइलमध्येच होता. सीए 19-9 या रक्तातल्या खुणेचा आकडा 600 च्या पुढं, नेहमीची मर्यादा 37. त्या आकड्यानं घर हादरलं होतं. पण पित्त तुंबलं की किंवा नलिकेत जंतुसंसर्ग झाला की कर्करोग नसतानाही सीए 19-9 वाढतं. उलट काही लोकांच्या शरीरात ते जन्मतःच तयार होत नाही, त्यांचा कर्करोग या तपासणीत दिसतच नाही. यकृताच्या कर्करोगासाठी एएफपी हे रक्तातलं प्रथिन तपासतात, तेही बऱ्याच रुग्णांत नॉर्मलच असतं. म्हणून संशोधक फक्त कर्करोगाच्या रुग्णांचे नमुने घेत नाहीत. पित्तखडे, सिरॉसिस, साधी अडथळ्याची कावीळ असलेल्यांचेही घेतात. सापडलेली खूण कर्करोगाची की नुसत्या काविळीची, हे त्याशिवाय कळणार नाही.

किती रक्त? फॉर्मवर 20 मिली लिहिलं होतं. रक्तदानात 350 मिली घेतात. शिवाय सकाळी आयएनआरसाठी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी तपासणी) सुई टोचायचीच होती, त्याच सुईतून जास्तीच्या नळ्या भरता येतात. तसं सिस्टरांना आधी सांगून ठेवायचं, नाहीतर तासाभरात दुसरी सुई लागते. काविळीत व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, रक्त उशिरा गोठतं, म्हणून टोचलेली जागा पाच मिनिटं दाबून धरायची. चोळायची नाही.

'आजच सही करा' या घाईचाही त्याला संशय आला होता. तिचं कारण खरं आहे. स्टेंट पडला, अँटिबायोटिक किंवा केमो सुरू झाली की रक्ताचं आणि पित्ताचं चित्र बदलतं. पित्तही ईआरसीपीत डाय (एक्स-रेत नलिका दिसावी म्हणून सोडतात ते द्रव्य) सोडण्याआधी ओढून घ्यावं लागतं. डाय मिसळलेलं किंवा पोटाला लावलेल्या पिशवीत रात्रभर साठलेलं पित्त फारसं कामाचं नसतं, त्यातली प्रथिनं तोवर तुटलेली असतात. रक्तही साधारण दोन तासांत यंत्रात वेगानं फिरवून, वेगळा झालेला प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) अर्ध्या-अर्ध्या मिलीच्या कुप्यांत भरून उणे 80 अंशांवर ठेवावा लागतो. छोट्या कुप्या अशासाठी, की एक तपासणी करताना सगळाच साठा वितळवावा लागू नये.

तुकड्याबाबत मात्र सावध राहायला सांगितलं. विचारायचा प्रश्न एकच: हा तुकडा निदानासाठी घेणारच आहात, की केवळ संशोधनासाठी जादा? निदानासाठी घेतलेल्यातून पॅथॉलॉजीचं काम भागल्यावर उरलेला भाग द्यायला हरकत नसावी. जादा तुकडा म्हणजे रक्तस्रावाचा जादा धोका. आयएनआर वाढलेला असताना त्याला नाही म्हणावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि रिपोर्ट? नमुन्यावर नाव नसतं, कोड असतो. ज्या खुणेचा अर्थच अजून ठरलेला नाही, तिचा आकडा हाती देऊन उपयोग नाही, नुकसान होऊ शकतं. पण इथं एक गल्लत नेहमी होते. तुकड्यावरची एफजीएफआर2 किंवा आयडीएच1 या जनुकांची तपासणी काही रुग्णांत औषध निवडायला लागते. ती उपचाराचा भाग आहे, तिचा रिपोर्ट मिळायलाच हवा, आणि ती आपल्या डॉक्टरांना वेगळी विचारायची.

इतकं झाल्यावर खरी अडचण बाहेर आली. "मॅडम, फॉर्मवर कर्करोग लिहिलंय. बाबांना आम्ही सांगितलं नाही. मीच सही करतो."

ते चालत नाही. शुद्धीवर असलेल्या, समजून घेऊ शकणाऱ्या माणसाची संमती त्याची स्वतःचीच. लपवून नमुना घेण्यापेक्षा न घेतलेला बरा. संशोधन विभागाला तसं कळवलं आणि फॉर्म बाजूला ठेवला. मग उपचार करणारे डॉक्टर मुलासह वडिलांजवळ बसले. आजाराचं नाव न घेता आधी विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतंय, काय झालंय? आणि आम्ही किती सांगावं?"

काका म्हणाले, "महिना झाला कावीळ उतरंना, कापडं ढिली पडली, पोरानं थेट मुंबईला आणलं. मला काय कळत नाही व्हय? सांगा की."

डॉक्टरांनी कर्करोगाची शंका आहे, नक्की काय ते तुकड्याच्या रिपोर्टनंतर कळेल, असं सांगितलं. त्यानंतरच फॉर्म वाचून दाखवला. फॉर्ममध्ये प्रत्येक गोष्टीला वेगळी चौकट होती. काकांनी रक्त, पित्त, लघवी आणि उरलेला तुकडा याला हो म्हटलं, जादा तुकड्याला नाही, आणि नमुना परदेशी पाठवायलाही नाही. अशी निवड करता येते. उपचाराला उपयोगी काही आढळलं तर कळवा, या चौकटीवर त्यांनी स्वतःहून बोट ठेवलं.

सकाळी पित्त 6 मिली मिळालं. रक्ताच्या एका नळीत लाल पेशी फुटल्या होत्या. बारीक सुई, जोरात ओढलेली सिरिंज किंवा हलवलेली नळी, काहीही कारण असू शकतं. प्रयोगशाळेनं ती बाद केली. पुन्हा रक्त मागितलं गेलं तोवर स्टेंट पडला होता. 'स्टेंटआधीचा' म्हणून तो नमुना आता चालणार नव्हता, तेव्हा मुलानं नाही म्हटलं, आणि ते बरोबरच होतं.

जाताना त्याला फॉर्मची सही असलेली प्रत केसपेपरच्या फाइलला लावायला सांगितली. माघार घ्यायची तर कुणाला फोन करायचा, ते शेवटच्या पानावर असतं. तसं कळवल्यावर शिल्लक नमुना नष्ट करतात. आधीच्या विश्लेषणात धरला गेलेला आकडा मात्र मागे घेता येत नाही.