एचटीएचे रिपोर्ट धोरणात खरंच वापरतात का?

तुम्ही विचारलंय की सरकार हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट (एचटीए) करून घेतं, पण ते रिपोर्ट पुढे कोणी वाचतं का, की नुसते धूळ खात पडतात. मी गोव्यातला, पब्लिक हेल्थ शिकलोय आणि अशा अभ्यासांसाठी खर्चाची माहिती गोळा करायचं काम केलंय, त्यामुळे त्या बाजूने सांगतो. वापरतात, सगळे नाही. आणि कुठला वापरला जाईल हे बऱ्याचदा मुळात प्रश्न कोणी विचारला होता यावर ठरतं.

एचटीए म्हणजे थोडक्यात, नवीन औषध, मशीन, लस, ऑपरेशन काहीही असो, आत्ता जे चाललंय त्यापेक्षा त्याने किती फरक पडतो आणि तेवढ्या फरकाला जास्तीचे किती पैसे जातात हे मांडायचं. फरक क्वालीत मोजतात, म्हणजे धडधाकट तब्येतीत काढलेलं एक वर्ष. ब्रिटनमध्ये नाइस ही संस्था १९९९ पासून हे करतेय, तिथे वर्षानुवर्षं एका क्वालीमागे २० ते ३० हजार पौंड परवडतात असं धरत आले. आपल्याकडे २०१७ मध्ये केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली एचटीएइन ही एचटीए करणारी यंत्रणा सुरू झाली, इथे एका क्वालीमागे परवडणाऱ्या खर्चाची रेषा बहुतेक वेळा दरडोई जीडीपीएवढी धरतात. शिफारस मानायलाच हवी अशी सक्ती मात्र नाही.

सिरिंजचंच बघा. एकदा टोचली की लॉक होणारी, म्हणजे पुन्हा वापरताच येत नाही अशी एक, आणि नर्सला चुकून सुई लागू नये म्हणून संरक्षण असलेली दुसरी, दोन्ही साध्या सिरिंजपेक्षा महाग. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने हिशोब केला तेव्हा लॉक होणारी परवडते असं निघालं, कारण पुढचे हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे उपचार वाचतात, दुसरी मात्र त्या किमतीला परवडत नाही. आता 'त्या किमतीला' हे शब्द खरेदी करणाऱ्याच्या हातात पडले की भाव पाडून घ्यायला काहीतरी ठोस मिळतं. मला तरी एचटीएचा सगळ्यात रोकडा उपयोग हाच वाटतो.

आता खर्च काढणं, रिपोर्टात हे एका ओळीत संपतं पण खरी मजा तिथेच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन टेपने ड्रेसिंगची खोली मोजायची, तेवढ्या जागेला गावात भाडं किती पडलं असतं ते विचारायचं, स्टॉक रजिस्टर उघडून कापूस, ग्लोव्हज, सुया मोजायच्या, ऑटोक्लेव्ह, म्हणजे उपकरणं निर्जंतुक करायचं मशीन, अजून किती वर्षं ओढेल याचा अंदाज घ्यायचा, आणि मग सिस्टरना विचारायचं की दिवसातला किती वेळ लसीकरणात जातो, किती ओपीडीत. एक सिस्टर मला म्हणाल्या, "अर्धा दिवस रजिस्टरं भरण्यात जातो रे, तो कुठल्या रकान्यात घालणार तू?" प्रश्न बरोबर होता, तो वेळ मग सगळ्या सेवांवर वाटून टाकावा लागतो. असाच खर्चाचा मोठा देशभरचा अभ्यास पीजीआयच्या पुढाकाराने झाला आणि आयुष्मान भारत योजनेत हॉस्पिटलला एकेका उपचारामागे द्यायचे पॅकेज दर सुधारताना तो वापरला गेला, कारण दर ठरवायचे होते आणि त्याआधी अशी देशी आकडेवारी फारशी नव्हतीच.

याच्या उलट उदाहरण आमच्याच घरचं. पर्वरीच्या संगाथ संस्थेचा मानस नावाचा अभ्यास, निकाल २०१० मध्ये आले. डिप्रेशन आणि अँग्झायटीच्या पेशंटना डॉक्टर नसलेल्या, पण ट्रेनिंग दिलेल्या समुपदेशकांनी मदत करायची, १२ सरकारी केंद्रं आणि १२ खाजगी दवाखाने. सरकारी केंद्रांत पेशंट जास्त बरे झाले आणि एकूण खर्चही वाढला नाही, उलट कमी आला, खाजगीत मात्र काही खास फरक नाही. याहून चांगला पुरावा काय हवा? पण प्रश्न संशोधकांचा होता, पगार देणाऱ्या खात्याचा नव्हता, आणि हे नवीन पद कुठल्या बजेटमधून भरायचं हे त्यात कोणी विचारलंच नव्हतं. माझ्या मते असं काम तिथेच अडकतं.

शिवाय आरोग्य हा राज्याचा विषय. गोव्यात २०१६ पासून आपली वेगळी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाख, म्हणजे दिल्लीत काहीही ठरलं तरी इथला हिशोब इथे परत बघावा लागतो.

आणि उत्तर 'परवडत नाही' आलं म्हणून सरकारने हात वर करायचे असंही नाही. थायलंडमध्ये पोटातलं (पिशवीतलं द्रव पोटात सोडून घरीच करायचं) आणि मशीनवरचं, दोन्ही डायलिसिस त्यांच्या रेषेच्या वर गेलं होतं, तरी कुटुंबं कर्जात बुडतात म्हणून २००८ मध्ये ते योजनेत घेतलं, त्यातल्या त्यात बरं म्हणून आधी पोटातलं, आणि २०२२ मध्ये निवड पेशंटवर सोडली. आमच्या काणकोणात किडनीच्या पेशंटांचा प्रश्न जुना आहे. मशीनवरचं म्हटलं की आठवड्याला दोन-तीनदा जा-ये, सोबत घरचं एक माणूस, त्याचा रोज बुडतो, हे खात्याच्या हिशोबात कधी येत नाही पण एचटीएत धरता येतं. पोटातलं घरी करायचं तर स्वच्छ खोली हवी, इन्फेक्शनची भीती, पिशव्या पोचवायची सोय, तेही धरावं लागेल. राज्याचं आरोग्य खातंसुद्धा एचटीएइनकडे विषय पाठवू शकतं, आणि मला विचाराल तर गोव्याने पहिला हाच पाठवावा.